चीफसाहेबांचं फ्रान्स

पद्माकर केळुसकर जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि एकदा फ्रान्समध्ये नदीकाठानं पायी हिंडून आले होते, हे सिंगापुरातल्या, हौगांगपासून जुरोंगपर्यंतच्या, समस्त मराठी मंडळींना ठाऊक होतं. त्यातलं चीफ इंजिनिअर असणं खरं होतं.

फ्रान्सची गोष्ट त्यांच्या पत्नीला, मधुमतीबाईंना, तोंडपाठ होती. बोर्दोच्या बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं. पद्माकररावांनी रजा टाकली, पाठीवर पिशवी अडकवली आणि दोर्दोन्य नावाच्या नदीच्या काठाकाठानं चालत सुटले. दर वळणाला कड्यावर एक किल्ला, खाली अक्रोडाच्या बागा. अशाच एका किल्ल्याच्या पायथ्याशी एका शेतकरीणबाईनं त्यांना घरात ठेवून घेतलं, पोटच्या पोरासारखं जेवू घातलं आणि निरोप देताना, पदर नसल्यामुळे, ॲप्रनला डोळे पुसले. ॲप्रनचं वाक्य आलं की पाहुण्या बायका हळव्या व्हायच्या आणि मधुमतीबाई चहा टाकायला आत पळायच्या. हसू आवरायला स्वयंपाकघर बरं पडायचं.

कारण खरी हकिकत त्यांना शैलेंद्रनं, त्याच जहाजावरच्या ज्युनियर इंजिनिअरनं, कधीच सांगून टाकली होती. बोर्दोला जहाज होतं तेवढे दिवस केळुसकरसाहेब गालगुंड होऊन केबिनमध्ये पडून होते. गळ्याभोवती मफलर, तोंड भोपळ्याएवढं, आणि कुक दोन्ही वेळा पातळ पेज पाठवायचा. शैलेंद्रला वाटलं, बाईंना हे माहीत असणारच. बाईंनी नुसती मान हलवली, त्याला आणखी एक थालीपीठ वाढलं आणि माहिती जपून ठेवली.

नवऱ्याला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. माणूस वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर असतो, इंजिनरूमच्या उकाड्यात बसून जगाला वळसे घालतो आणि जग काही त्याला दिसत नाही. घरी येऊन थोडंफार हिंडला तर हिंडू द्यावा, असं त्यांना वाटायचं. शिवाय गोष्ट ऐकायला छान होती. इतकी छान, की ती नदी आपण एकदा डोळ्यांनी बघायचीच, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

१९९६ साली पद्माकरराव निवृत्त झाले. फ्लॅटमध्ये माणसं मावेनात एवढी बोलावली होती. जेवणं झाली, आग्रह झाला, गोष्ट सुरू झाली आणि ॲप्रनही येऊन गेला. त्या दिवशी मधुमतीबाई चहा टाकायला उठल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांचा एवढा जीव आहे त्या जागेवर, म्हणून मी सप्टेंबरची तिकिटं काढलीत. चालतच जायचं. हे वाट दाखवतील."

प्रबोध आणि विभा हे तरुण जोडपंही येणार होतं. दोघंही विद्यापीठात संशोधन करणारी. विभानं त्याआधी तीन वर्षं फ्रान्समध्येच, ल्यों शहरात काढली होती आणि ती फ्रेंच घडाघडा बोलायची. तिलाच बरोबर घ्यायचं, हे मधुमतीबाईंनी फार विचार करून ठरवलं होतं. पद्माकररावांच्या हातातला श्रीखंडाचा चमचा वाटीत परत गेला.

पुढच्या आठवड्यापासून त्यांचा गुडघा दुखायला लागला. बाईंनी तेल आणि गुडघ्याचा पट्टा आणला. मग त्यांना तिकडची थंडी आठवली. बाईंनी दोन स्वेटर बाहेर काढले. तिकडे सारखे संप होतात, असंही त्यांनी एकदा पेपरमधून मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या की आपल्याला चालायचंच आहे, गाड्या बंद असल्या तरी काय बिघडतंय. त्यानंतर मात्र साहेब लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणून दार लावून वाचत बसू लागले.

बाईंची तयारी वेगळी होती. रोज सकाळी तांदळाच्या पिशव्या भरलेली सॅक पाठीवर घेऊन त्या ब्लॉकचे जिने उतरायच्या आणि चढायच्या. शेजारच्या मिसेस गोह काही दिवस बघत राहिल्या. बाई सामान घेऊन घर सोडून जातात आणि तासाभरात परत येतात, असा त्यांचा समज झाला. शेवटी त्यांनी काळजीनं विचारलं, "यू अँड हजबंड, ओके ऑर नॉट?" मधुमतीबाईंनी क्षणभर विचार करून "इम्प्रूव्हिंग" असं सांगितलं.

सप्टेंबरच्या अखेरीस चौघं खरोखरच त्या नदीकाठी जाऊन पोहोचली. बॅगा गाडीनं पुढच्या मुक्कामी जायच्या आणि माणसांनी वाट दाखवणाऱ्या, झाडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्या बघत मागून चालत यायचं. सकाळी दरीत धुकं असायचं आणि वर किल्ल्याचे बुरूज तेवढे दिसायचे, त्यांना खाली जमीनच नसल्यासारखे. दहा वाजले की धुकं विरायचं, मधाच्या रंगाच्या दगडांची घरं उजळायची आणि वाटेवर पटापट अक्रोड पडायचे. मधुमतीबाई ते दगडानं फोडून खात चालायच्या. एका ठिकाणी नदीच्या दोन तीरांवर दोन किल्ले समोरासमोर उभे होते, शेकडो वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. बाई तिथे इतका वेळ उभ्या राहिल्या की प्रबोधला मागे यावं लागलं. गोष्टीत होतं त्यापेक्षा सगळं चांगलं होतं, आणि याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

पद्माकरराव पुढे चालायचे. लायब्ररीची पुस्तकं कामी आली होती. कुठला किल्ला कोणी बांधला, कोणी जाळला, सगळं सांगायचे. अडचण एकच होती. दर गावात विभा उत्साहानं विचारायची, "काका, त्या बाईंचं घर कुठलं?" काका काठी पुढे करून म्हणायचे, "अजून पुढे."

असं करत मुक्काम संपत आले. एका लहानशा किल्ल्याखाली, वाटेला लागून एक घर होतं. खिडक्या बंद, अंगणात गवत, दारापाशी पालापाचोळा. पद्माकररावांनी ते नीट न्याहाळलं आणि कोणी विचारायच्या आतच थांबले. "हेच," ते जड आवाजात म्हणाले. "पण आता म्हातारी कुठली असायला."

तेवढ्यात दार उघडलं.

आतून एक ठेंगणी, पार वाकलेली म्हातारी काठी टेकत आली. अंगावर ॲप्रन होता. तिनं डोळे बारीक करून चौघांकडे पाहिलं, पद्माकररावांच्या मिशांशी तिची नजर अडली आणि ती "आंतोनियो!" म्हणून ओरडली. पुढे येऊन तिनं त्यांचे दोन्ही गाल चिमटीत धरले, मुके घेतले आणि मग त्यांच्या दंडावर काठीचा एक सणसणीत फटका दिला. बोलणं अखंड चालूच होतं. पद्माकररावांचा चेहरा इंजिन भर समुद्रात बंद पडल्यासारखा झाला होता.

प्रबोध थक्क झाला. विभानं मात्र मधुमतीबाईंना हळूच बाजूला ओढून म्हातारीचं बोलणं सांगितलं. म्हातारीला नीट दिसत नव्हतं. आंतोनियो नावाचा एक पोर्तुगीज गडी तिच्याकडे दर वर्षी अक्रोड वेचायला यायचा. विहिरीवरचा पंप खोलून ठेवून तो एक दिवस निघून गेला, तो पुन्हा उगवलाच नव्हता.

"काकू, काय सांगू काकांना?" विभानं विचारलं.

मधुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हातात असलेला हुकमाचा पत्ता आता टाकायचा, एवढंच बाकी होतं. पण तो हातातच ठेवून त्या पुढे झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्यांना पद्माकर म्हणता येत नसणार, म्हणून आंतोनियो. म्हणतायत, तुमची फार आठवण यायची. पण मागच्या वेळी पंप अर्धवट टाकून गेलात, तो आधी पुरा करा."

पद्माकररावांनी बायकोकडे पाहिलं, विभाकडे पाहिलं. विभानं मान डोलावली. मग त्यांनी स्वेटरच्या बाह्या सरकवल्या आणि म्हातारीमागून निमूट विहिरीकडे गेले.

पंप गंजून दगड झाला होता. ते काम तासाभरात होणारं नव्हतं. म्हातारीनं चौघांना लसणाचं गरम सूप आणि पाव दिला, आणि तिघांना निरोप देऊन टाकला. आंतोनियोला मात्र सोडायला ती तयार नव्हती. तेव्हा मधुमतीबाई नवऱ्याविना पुढे निघाल्या. चढावर त्यांनी प्रबोधला मागे टाकलं. वर किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसून त्यांनी खालची नदी पाहिली, आणि दूर अंगणात पंपाशी ओणवा झालेला एक ठिपका पाहिला.

संध्याकाळी पाववाल्याच्या गाडीतून पद्माकरराव मुक्कामी आले. कोपरापर्यंत काळे, केसांत गंज, आणि मांडीवर अक्रोडांची पिशवी. पंपाला पाणी आलं होतं. जेवताना ते पंपाबद्दलच बोलत होते. निवृत्त झाल्यापासून इतके खूश ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या वाटेवर ते मुद्दाम मागे राहिले आणि बाईंच्या बरोबरीनं चालू लागले. बराच वेळ काठीनं पानं उडवत राहिले.

"मधू, ती बाई खरंच मला ओळखत होती?"

"तुम्हीच तर गेला होतात," मधुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही, तर मला कुठून माहीत असणार?"

पद्माकरराव विचारात पडले. नदी वळली, वाट वळली. मग ते गंभीरपणे म्हणाले, "आवाज मात्र ओळखीचा वाटला हं."

मधुमतीबाई वाटेतच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पद्माकररावांना काही कळलं नाही, पण तेही हसायला लागले. पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते, तिथे प्रबोध आणि विभा थांबली होती. पद्माकररावांनी पुढे होऊन, किल्ला कोणी जाळला ते सांगत, काठीनं उजवीकडे खूण केली. लाल-पांढरी पट्टी डावीकडच्या झाडावर होती. मधुमतीबाई उठल्या, सॅक नीट केली आणि डावीकडे वळल्या. बाकीचे त्यांच्या मागून गेले, सर्वांत शेवटी चीफसाहेब, अजून सांगतच.