दक्षिणमुखी घराचा सौदा

अकोल्यात भाड्याच्या खोलीसाठी मी किती दारं वाजवली ते आता आठवत नाही. घरमालक आधी नोकरी विचारी. सरकारी कचेरीत कारकून आहे म्हटलं की बसायला सतरंजी पडे. मग आडनाव विचारी, आणि खोली नेमकी कालच दिलेली असे. आम्ही बौद्ध होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण घरमालकांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गावाबाहेर एका ठेकेदारानं नव्या घरांची ओळ बांधली आहे असं कानावर आलं, तेव्हा मी कर्ज काढून घरच घ्यायचं ठरवलं.

ओळीतली सगळी घरं गेली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. कोपऱ्यावर असल्यानं त्या एकाचंच दार दक्षिणेला होतं, म्हणून लोक नाक मुरडून परत जात. आम्हाला दक्षिणेचं भय नव्हतं आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आडनाव ऐकूनही ठेकेदारानं मला नाही म्हटलं नाही. किंमत साडेसहा हजार सांगितली, आणि एक रुपया कमी होणार नाही म्हणाला. कर्ज आणि बायकोच्या पाटल्या धरून माझी धाव सहा हजारांपर्यंतच होती.

हा ठेकेदार आधी कापसाचा अडत्या. बांधकामात आला तरी सौद्याची रीत त्यानं बाजाराचीच ठेवली होती. दोघांनी हात हातात घ्यायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार, तेवढं पुटपुटायचं. शेजारी बसलेल्याला आकडा कळत नाही, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच स्वस्त पडलं.

हे ऐकून आमचा बा खुलला. बा तीस वर्षं कापूस बाजारात हमाल होता. पाठीवर ओझं घेऊन त्यानं असे सौदे रोज पाहिले, पण त्याचा हात कधी कुणाच्या दुपट्ट्याखाली गेला नाही. विकायला त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि असतं तरी तो हात कुणी धरला नसता. दुपारी भाकरी खाल्ल्यावर हमाल गंमत म्हणून आपसांत सौदे करत, कधी बैलजोडीचा, कधी कलेक्टरच्या बंगल्याचा. त्यात आपण पटाईत होतो असं तो सांगे.

"घराचा सौदा म्या करतो," तो म्हणाला. "तू कचेरीतला माणूस, तुले त्यातलं काई समजत नाही. मधात बोलू नको."

मी बरं म्हटलं. त्यानं दुपट्टा धुतला, नीळ घातली, घडी करून उशाखाली ठेवला. सकाळी निघण्याआधी त्यानं माझा हात ओढून घेतला, वर दुपट्टा टाकला आणि सगळा पंजा दाबला. हमालीच्या हुकानं त्याचा तळवा दगडासारखा झाला होता. "हे पाच," तो म्हणाला. "पाचशे कमी मांगतो. पायतोच कसा देत नाही तं." बाला इतकं आनंदात मी फार थोड्या वेळा पाहिलं.

ठेकेदार घरांसमोरच्या लिंबाखाली बाजेवर बसला होता. चुन्याचा वास अजून हवेत होता. आमच्या आधी तेल्हाऱ्याचा एक गृहस्थ आला होता, पुढच्या ओळीत अजून न बांधलेल्या घरासाठी. दोघांचे हात दुपट्ट्याखाली गेले. तोंडं दोन दिशांना, बोलणं पावसापाण्याचं. जरा वेळानं दोघं हसले आणि चहा मागवला.

मग बा पुढं झाला. त्यानं उजवा हात लांब केला, त्यावर दुपट्टा पसरला आणि म्हणाला, "बोला मालक."

ठेकेदारानं त्या हाताकडं पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "आता काहून ते, बुवा? जमाना बदलला. आपण उघड बोलू. साडेसहा."

"बाजाराची रीत हाय मालक," बा म्हणाला. हात तसाच.

बाजेवर बसलेला तेल्हाऱ्याचा गृहस्थ चहाची कपबशी धरून बघत होता. दोन गवंडीही थांबले. ठेकेदारानं त्यांच्याकडं पाहिलं, बाच्या हाताकडं पाहिलं आणि मग बाला सोडून माझ्याशी बोलला. "बाबूसाहेब, पाचशे कमी करतो. सहा. पण आता आवरा. मंजूर?"

जो माणूस एक रुपया सोडायला तयार नव्हता, त्यानं बसल्या जागी पाचशे सोडले. ते कशाचे सोडले हे मला पुढं कधीतरी उमगलं असं लिहिण्याची सोय आहे, पण ते खोटं होईल. मला तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी "मंजूर" म्हणालो. विसार म्हणून आणलेले पैसे खिशातून काढून मी बाजेवर ठेवले, कारण हातात तो घेईल याची मला खात्री नव्हती. याची लाज मला आजही वाटते.

परत येताना बा बाजाराच्या रस्त्यानं आला नाही, लांबच्या वाटेनं गेला.

महिन्याभरात आम्ही राहायला गेलो. बुद्धवंदना झाली, चहा झाला. आमचे पाहुणे, बाचे जुने सोबती, भिंतींवरून हात फिरवत होते. पाचशे सुटले म्हटल्यावर एक म्हातारा हमाल बाला म्हणाला, "दाखवला ना बाजार त्याले? कसा केला सौदा?"

"पोरानं केला," बा म्हणाला.

माणसं गेल्यावर मी त्याच्याजवळ ओट्यावर जाऊन बसलो.

"तू मंजूर म्हटलं तवा माहा हात पुढंच होता," तो म्हणाला. "तो मांगं घेऊ द्याचा होता. मंग म्हणाचं होतं."