नानांची पिवळी रेघ

‘घट्ट’ हा शब्द नानांसमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, “नट चांगला घट्ट केलाय, नाना,” की नाना चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “घट्ट म्हंजी किती?” मग नानाच म्हणत, “घट्ट तर लोणच्याच्या बरणीचं झाकण पण असतंय. हिथं माणूस बसणार हाय.”

नाना जाऊन आता वर्ष होईल. सातपूरला आमच्या कॉलनीत ते समोरच्याच घरात राहायचे. मूळचे येवल्याकडचे. इथल्या एका कारखान्यात सगळी हयात नट आवळण्यात घालवून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात कॉलनीतल्या मोटारसायकली दवाखान्याबाहेरच्या पेशंटसारख्या ओळीने उभ्या असत. मीही तिथेच, पण कामासाठी नाही, करमणुकीसाठी. मी पोटापुरता कारकून आणि हौसेने नकलाकार. गणपतीत, लग्नात, निरोपसमारंभात मला बोलावणं असतं. नाना मला ‘कलाकार’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

पुढचं चाक बसवणं हा नानांचा खास प्रयोग. चाक गाडीच्या पुढच्या दोन दांड्यांमध्ये धरायचं आणि चाकाच्या मधून जाणारा एक्सल हातानेच आत सरकवायचा. “हातोडी घ्यावी वाटली की समजायचं, आपलं कायतरी चुकतंय.” नट आधी नुसता बोटांनी फिरवायचा. आणि मग, जिथे बाकीचे सगळे पान्याला हात घालतात तिथे, नाना गाडी स्टँडवरून खाली घेत. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, हँडलवर वजन टाकायचं आणि गाडी खाली दाबायची. तीनदा. याला ते ‘तीन नमस्कार’ म्हणत. “आधी दोन्ही दांडे आपापल्या जागी बसू दे. मांडी अवघडलेल्या माणसाला तसाच बांधला, तर तो नीट चालंल का?”

नमस्कार झाले की टॉर्कचा पाना निघे. त्याच्या मुठीवर आकडे होते. मूठ फिरवून आकडा लावायचा, नट आवळत जायचं, आणि बरोबर तेवढा जोर झाला की पाना आतून वाजायचा, कट्. “कट् वाजलं की थांबायचं. त्याच्या पुढं जो जातो तो आवळत नाय, मोडतो.” एकदा मी एकच किस्सा अर्धा तास लांबवला, तेव्हा नाना खाली मान घालून म्हणाले, “कलाकार, तुझ्या तोंडाला हा पाना लावाया पाहिजे.” सगळं अंगण हसलं. सगळ्यात जास्त मी.

काम झालं की मूठ उलटी फिरवून आकडा शून्यावर आणायचा आणि मगच पाना कापडात गुंडाळायचा. तसा ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग थकते आणि मग कट् खोटं वाजतं, असं ते मला निदान पन्नासदा सांगून चुकले होते.

शेवटी रेघ. बारीक ब्रशने पिवळ्या रंगाची एक रेघ, अर्धी नटावर, अर्धी दांड्यावर. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. हा कारखान्यातला रिवाज. जो आवळतो तोच रेघ ओढतो, आणि रेघ दिसली की तिथे पुन्हा कुणी हात लावत नाही. नानांनी तो घरीही आणला. गॅसच्या टाकीवर रेघ, पाण्याच्या टाकीच्या बोल्टवर रेघ, चष्म्याच्या इवल्याशा स्क्रूवरही रेघ. काकू म्हणायच्या, “एक दिवस माझ्या मंगळसूत्राच्या फाशावर पण ओढतील.”

आता माझं सांगतो.

गणपतीला पंधरा दिवस होते आणि त्या वर्षी मी नानांचीच नक्कल बसवत होतो. त्या रविवारी अंगणात आमच्या गल्लीतल्या पगारेंची गाडी होती. दुपारच्या पाळीला जायच्या आधी ते ती न्यायला येणार होते. नानांनी चाक बसवलं, नट बोटांनी फिरवला, तेवढ्यात येवल्याहून मुलीचा फोन आला म्हणून काकूंनी त्यांना आत बोलावलं. “हात लावू नको, आलोच,” म्हणून नाना गेले.

अंगणात मी एकटा. समोर गाडी, पाना, रंग आणि ब्रश. म्हणजे सगळं नेपथ्य तयार. मी माझा चष्मा कपाळावर चढवला. स्टँडवरच्या गाडीला वाकून तीन खोटे नमस्कार घातले. पाना नटाला नुसता टेकवला आणि टाळूला जीभ लावून काढला आवाज, कट्. इतका हुबेहूब निघाला की मीच खूश झालो. आणि त्या भरात ब्रश उचलून, नानांसारखी करंगळी वर धरून, एक सुंदर पिवळी रेघ ओढली. तेवढ्यात बायकोने हाक मारली. ब्रश होता तिथे ठेवून मी घरी गेलो.

नाना बाहेर आले ते बऱ्याच वेळाने. फोनवर नातीने धरून ठेवलं होतं. पगारे दारात घाई करत होते. नानांनी नटाकडे पाहिलं. रेघ होती. रेघ दिसली की तिथे पुन्हा कुणी हात लावत नाही. फोनआधी आपणच आवळलं असणार असं धरून त्यांनी गाडी देऊन टाकली.

गुरुवारी त्र्यंबक रोडकडे वळताना पगारेंचं हँडल थरथरलं आणि ते गाडीसकट आडवे झाले. खांद्याचं हाड मोडलं. पुढचा नट ढिला होऊन फिरला होता. अर्धी रेघ एकीकडे, अर्धी दुसरीकडे. पगारे भला माणूस, शब्दाने बोलले नाहीत. पण संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. आमच्या घरी ते कधी बसायला येत नसत.

“तू होतास त्या दिवशी,” ते म्हणाले. “मी आवळलं होतं का रे?”

माझ्याकडे एक वाक्य होतं. छोटंसं, सरळ. आयुष्यभर लोकांसमोर तोंड चालवलेला मी, ते वाक्य मला म्हणता आलं नाही.

“माझं लक्ष नव्हतं, नाना.”

ते मान हलवत राहिले. “रेघ हाय, म्हंजी मीच ओढली. नट फिरला, म्हंजी मी आवळलाच नव्हता. आवळायचं राहिलं आणि रेघ ओढून बसलो. आता हे असं व्हायला लागलं म्हणायचं.”

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण गणपतीत नानांची नक्कल झाली, आणि तिला मी नवा शेवटही जोडला. नाना रेघ ओढतात, पिचकारीसारखं तोंड करून ब्रश फुंकतात, आणि मग आठवतं, अरेच्चा, नट आवळायचाच राहिला. मांडव कोसळेल असं हसले लोक. पहिल्या रांगेत नानाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो टॉर्कचा पाना कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. “माझ्या हाताचा भरवसा राहिला नाय. तू ठेव. तुला निदान पद्धत माहीत हाय.”

त्यानंतर अंगणात गाड्या दिसेनाशा झाल्या. नाना दाराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येत. गॅस बंद केला का, हे काकूंना पुन्हा पुन्हा विचारत. टाकीवर स्वतःच ओढलेली रेघ बघूनही विचारत. त्यांच्याच रेघेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. शेवटी मुलगी दोघांना येवल्याला घेऊन गेली. इकडे मी ‘विसरभोळे नाना’ गावोगाव करत होतो, हातात तोच पाना घेऊन.

येवल्याला जायला मला सहा वर्षं लागली. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात तीच नक्कल करताना टाळूला जीभ लावली आणि कट् निघालंच नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो. पिशवीत पाना होता. सगळा प्रवेश मनात बसवला होता. आधी पाया पडणं, मग कबुली, शेवटी पाना त्यांच्या हाती.

नाना पलंगावर बसले होते, बारीक झालेले. काकूंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, आणि या वेळी किस्सा लांबवला नाही. मग नानांनी विचारलं, “गाडी स्टँडवरच होती?”

“हो.”

“म्हंजी नमस्कार पण खोटे.” आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. काकूंकडे वळून म्हणाले, “अगं, ऐकलं का? मी विसरलो नव्हतो.”

मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यापुढचा अर्धा चहा उचलला आणि आत नेला.

मी घाईने पिशवीतून पाना काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कापड सोडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पाना डोळ्यांजवळ धरला. तेव्हा मला आठवलं. स्टेजवर मिरवताना मूठ सैल वाजू नये म्हणून मी ती फिरवून आकडा अगदी वरपर्यंत नेला होता. सहा वर्षं तो तिथेच होता.

नानांनी मूठ उलटी फिरवायला घेतली. एकेक आकडा करत त्यांनी पाना शून्यावर आणला, कापडात नीट गुंडाळला आणि माझ्याकडे परत दिला.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “पण आता हा खरं सांगायचा नाय. इतकी वर्षं ताणून ठेवलास.”