वाळू वर, शाडू खाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही. इथे नाव न देता लिहिता येतं म्हणून लिहितोय... तरी दोनदा सगळं पुसून परत सुरुवात केली आहे.

माझा असल्या प्रकारांवर कधीच विश्वास नव्हता. मी रोह्याचा, म्हणजे नेमकं सांगायचं तर पुलापलीकडच्या अष्टमीचा. खाडीकडच्या वाटेवर हाक मारणारी बाई, निडी स्टेशनात उतरून दिसेनासा होणारा पाहुणा – या गोष्टी ऐकतच वाढलो. पुढे पुढे तर पदरची भर घालून मीच त्या चुलतभावंडांना सांगायचो. त्यामुळे इथले अनुभव वाचतानाही हसूच यायचं. आता येत नाही.

माझं काम थोडं समजावून सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समुद्राच्या तळाशी गाळ साचत जातो, जुना खाली, नवा वर. आम्ही बोटीवरून एक लांब नळी त्यात खुपसून गाळाचा उभाच्या उभा दांडा वर काढायचो. तळाशीसुद्धा पाणी वाहत असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ध्रुवाकडे थंड होऊन बुडालेलं पाणी तळातळाने सरकत शेकडो वर्षांनी इकडे पोचतं. त्या प्रवाहाला जोर असेल तर गाळातले कण जरा जाडे सापडतात, प्रवाह मंद असेल तर पिठासारखे. तळाशी राहणाऱ्या बारीक जिवांची कवचं तपासली की ते पाणी हवेला शेवटचं भेटून किती काळ लोटला होता, त्याचाही अंदाज येतो. असे थर वाचून हजारो वर्षांपूर्वी खोल समुद्र कसा फिरत होता ते जुळवायचं, हे आमचं काम. मला ते आवडायचं. इतका काळ कुणालाच न भेटलेलं पाणी... असो.

विलास पेणचा. घरचा गणपतींचा कारखाना. आम्ही दोघं एकाच वेळी संस्थेत लागलो (संस्थेचं नाव घेत नाही, तिचा यात काही दोष नाही), एकाच खोलीत राहिलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुट्टीला निघालो की आधी पेणला त्याच्या घरी जेवण, मग मी पुढे रोह्याला. त्याची धाकटी बहीण नंदा मला दादा म्हणायची आणि ताटात भात जरा जास्तच वाढायची.

ज्या फेरीत विलासच्या अभ्यासाची नळी काढायची होती, त्या फेरीला तो आलाच नाही. गणपती तोंडावर आलेले, वडील अंथरुणाला, घरात हात कमी. "माझी नळी तू घेऊन ये," एवढंच म्हणाला.

नळी वर आली की डेकवरच तिचे मीटर-मीटरचे तुकडे करतात. तुकड्याच्या वरच्या तोंडाला लाल टोपी, खालच्या तोंडाला काळी. एवढं साधं काम. पण आतला गाळ दोन्हीकडून सारखाच दिसतो. तळातल्या किड्यांनी तो घुसळलेला असतो, त्यामुळे टोपी चुकली की मागून नुसतं बघून काही कळत नाही. पावसाळी समुद्र होता, मी सकाळपासून ओकत होतो. मधला एक तुकडा टोप्या लावायच्या आधीच हातातून सुटला आणि डेकवर गडगडत गेला. पकडला तेव्हा त्याचं वरचं तोंड कुठलं हे मला माहीत नव्हतं.

नियम असा की ओरडून सांगायचं, आणि तुकड्यावर 'शंका' लिहायचं. त्यात काही लाज नसते, सगळ्यांचं होतं. पण आमचं काम बघणारे सर मागे उभे होते, आणि आदल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी अंदाजाने लाल टोपी बसवली.

विलासने त्या नळीवर जीव ओतून काम केलं. वय काढायला नमुने परदेशी पाठवावे लागत, आमच्या वाट्याला मोजकेच यायचे. त्या तुकड्यातला एकही गेला नाही. पण विलासचा सगळा निष्कर्ष उभा होता तो नेमका त्याच तुकड्यावर. अभ्यासकांच्या सभेत त्याने तो मांडला, तेव्हा शेजारच्या भागातली नळी तपासणारे एकजण उठले. "इतर सगळीकडे प्रवाह मंदावतो, तेव्हा तुमच्या एकट्याचाच कसा जोर धरतो?" हशा झाला. सरांनी नंतर केबिनमध्ये बोलावून विलासला स्पष्टच विचारलं, आकडे हवे तसे वळवलेस का म्हणून.

त्या दुपारी मेसमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला.

"बाळ्या, एक खरं सांग. मधल्या तुकड्याच्या टोप्या उलट्या नाही ना लागल्या?"

"का?"

"तो एक मीटर फिरवला ना, की सगळं जुळतं रे. मी मांडून बघितलं. तू एकदा म्हणालास की शंका होती, तर सर परत तपासतील."

"वेडा का? मी स्वतः लावल्यात."

"नक्की?"

"नक्की."

"मग संपलंच," तो म्हणाला, आणि वरणभात कालवत राहिला. मी खोटं बोलत असेन, हे त्याच्या मनातही आलं नाही. तेच सगळ्यात वाईट.

महिन्याभरात तो संस्था सोडून पेणला गेला. कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करू लागला, असं ऐकलं. काही वर्षांनी हृदयविकाराने गेला. मी बोटीवर असल्याचं कळवलं होतं. बोटीवर नव्हतो, खोलीवर होतो. त्यानंतर एसटी पेणला थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचो.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून अष्टमीला आलो. आई गेलेली, लग्न केलेलं नाही. आईच्या मागच्या दोन खोल्या आणि मी. दिवसचे दिवस आवाज म्हणून फक्त कुकरचा. रोह्यातल्या शाळेच्या एक बाई विचारायला आल्या, मुलांना समुद्रतळाचं काही सोपं करून दाखवाल का? म्हटलं दाखवतो. काचेच्या बरणीत वाळू, माती, पाणी घालायचं, ढवळून ठेवायचं. वाळू क्षणात खाली बसते, बारीक माती सावकाश तिच्यावर. कुंडलिका नदीची काळपट वाळू आणली. बारीक मातीसाठी बाजारातल्या एका मूर्तीवाल्याकडून शाडू घेतला. पुडी बांधताना तो म्हणाला, "पेणचा हाय, नंदाताईंच्या कारखान्यातला. एक नंबर." मी पैसे दिले आणि निघालो.

बरणी हलवून खिडकीत ठेवली, चहा करायला गेलो. परत आलो तर पाणी दुधासारखं, आणि तळाशी वाळूचा कणही नाही. म्हटलं थोडं थांबू. दुपारपर्यंत पाणी निवळलं. तळाशी पांढरा शाडू सपाट बसलेला आणि त्याच्यावर... काळी वाळू. पूर्ण थर. सुरीने कापल्यासारखी रेघ.

शेजारच्या विठाकाकू मिठागरावर काम केलेल्या, मला लहानपणापासून बघत आलेल्या. त्या मासळीचं कालवण घेऊन आल्या आणि बरणीपाशी थबकल्या.

"काय रं बाळू, रेती वर नि माती खाली?"

"तुम्हालाही तसंच दिसतंय?"

"मंग? आंधळी हाय का मी! तुझ्या घरात समदंच उलटं. बाईमाणूस नाय ना, त्याचा परिनाम ह्यो." आणि स्वतःच खळखळून हसल्या. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "टाकून दे ते. बरं नाय दिसत."

मी टाकलं नाही. शक्य ते सगळं करून पाहिलं. बरणी बदलली, वाळू धुतली, उकळून गार केलेलं पाणी घेतलं. वाळूला हवा चिकटली असेल, तेलकटपणा असेल, खाडीच्या पाण्यातलं मीठ असेल – एकेक कारण खोडत गेलो. दर वेळी वाळू वर, शाडू खाली. ज्याने आयुष्यभर खालचं जुनं आणि वरचं नवं एवढ्याच एका गोष्टीवर पोट भरलं, त्याच्या खिडकीत हे. भीती वाटली असं नाही म्हणता येणार. कुणीतरी समोर बसून, अगदी न रागावता, तोच प्रश्न परत परत विचारतंय असं वाटायचं.

शेवटी एका सकाळी बरणी पिशवीत घातली आणि पेणची एसटी धरली. नंदाला सगळं सांगायचं, असं पक्कं ठरवून.

कारखान्यात रांगेने न रंगवलेल्या मूर्ती. नंदा चष्मा कपाळावर सारून उठली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"दादा! रोह्याहून पेण इतकं लांब झालं व्हय तुम्हाला? या, बसा. आणि हे काय, ताक आणलंत?"

एसटीत हिंदकळून बरणीतलं सगळं पांढरं झालं होतं. "राहू दे," म्हटलं, "बसू दे जरा."

चहा झाला. ती विलासबद्दल बोलत राहिली. त्याच्या हातची आखणी मागून घेणारी गिऱ्हाइकं अजून येतात म्हणाली. मग म्हणाली, "भाऊबंदांत अजून टोमणे मारतात हो. शिकला तेवढा, आणि खोटे आकडे लिहिले म्हणून हाकलला. बाबा तेच ऐकत गेले." बोलता बोलता तिची नजर बरणीवर गेली. पाणी निवळत आलं होतं. ती वाकली, बोटाने काच पुसली.

"दादा, शाडू खाली आणि रेती वर? उलटं कसं बसलं हे?"

मी चहाचा रिकामा कप उचलून परत बशीत ठेवला.

ती बरणीकडेच बघत होती. "आमचा विलास शेवटपर्यंत म्हणायचा, तो बोटीवरचा तुकडा उलटा असेल तर माझं बरोबर आहे. तुम्ही होतात ना तेव्हा बोटीवर? होऊ शकतं का हो तसं?"

याहून सोपं करून मला कुणी काय द्यायचं? नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं –

"नाही गं. तसं होत नाही."

"अस्सं," ती म्हणाली. मागे कुणाच्या हातून साचा निसटला, ती वळून ओरडली, "अरे हळू! गणपती हाय तो, वीट नाय!" परत वळली तेव्हा आम्ही दोघांनीही बरणीकडे पाहिलं. टेबलाला कुणाचाही हात लागला नव्हता, पाणी तसंच निवळ होतं. काळी वाळू तळाशी, पांढरा शाडू तिच्यावर.

"बसलं की नीट," नंदा म्हणाली. "मगाशी मलाच उलटं दिसलं वाटतं. डोळे तपासायला हवेत." आणि चष्मा खाली ओढून कामाला लागली.

त्या दिवसापासून वाळू खालीच बसते. मी खूप वेळा करून पाहिलंय, अजूनही करतो, कधी कधी उलटं बसावं म्हणून वाट बघत. नाही बसत. विचारणारं जे काही होतं, ते आता विचारत नाही. घर पूर्वीपेक्षा शांत वाटतं. हे काय होतं, मला सांगता येत नाही. विठाकाकू होत्या म्हणून, नाहीतर मी स्वतःवरही विश्वास ठेवला नसता. कुणाला शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर लिहा. पण कारण मिळालं तरी माझं सुटणार नाही.

नंदाचं एक वाक्य मी देणं लागतो – टोपी मी अंदाजाने लावली होती, विलास बरोबर होता. ते तिच्यासमोर बसून, तोंडाने सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.