बोरकरांचा नारळ आणि प्लेऑफचा वाद

"म्हणजे मी मे महिन्यापासून जिंकत यायचं, आणि सप्टेंबरात तुम्ही माझे पॉइंट्स पुसून टाकणार?" ग्लेन म्हणाला.

"पुसून नाही. रीसेट," मी म्हणाले.

"रीसेट म्हणजे काय?"

"पुसून टाकणं," मी कबूल केलं.

कॅनडातल्या विंडसरजवळच्या एका छोट्या रेसट्रॅकच्या कँटीनमध्ये ही मीटिंग चालली होती. २०१७ सालची गोष्ट. मी नॉर्थ यॉर्कच्या एका मार्केटिंग एजन्सीत स्पॉन्सरशिप मॅनेजर होते, आणि माझ्या वाट्याला आली होती स्टॉक कार रेसिंगची एक लोकल सिरीज. स्टॉक कार दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी असते, आतून सगळं वेगळं. ती अंडाकृती ट्रॅकवर कायम डावीकडे वळत गोल गोल फिरते. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "मग उजवीकडे कधी वळतात?" घरी जाताना, मी सांगितलं.

ग्लेन आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, साठीकडे झुकलेला आणि अजूनही सगळ्यांना मागे टाकणारा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला माझे क्लायंट बोरकर बसले होते. ते टायटल स्पॉन्सर होते, म्हणजे सिरीजच्या नावातच त्यांचं नाव: बोरकर ड्राय बेसमेंट कप. बोरकर मूळचे नागपूरचे. कॅनडात येऊन त्यांनी लोकांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरू नये म्हणून वॉटरप्रूफिंग करायची कंपनी काढली. आता गंमत अशी की ओव्हल ट्रॅक ओला झाला की त्या गाड्यांच्या टायरना पकड मिळत नाही, म्हणून पावसाचे चार थेंब पडले की रेस बंद. पावसाला न घाबरण्याची जाहिरात करणाऱ्या माणसाने नेमका पावसाला घाबरणारा खेळ दत्तक घेतला होता. माझ्या बॉसला, केव्हिनला, यात काहीच विनोदी वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बोरकरांचं काँट्रॅक्ट यंदा संपतंय. ते गेले तर स्पोर्ट्स डेस्क बंद." डेस्कवर मी एकटीच होते.

बोरकरांची तक्रार खरी होती. आदल्या वर्षी ग्लेनने दोन रेसेस शिल्लक असतानाच चॅम्पियनशिप खिशात घातली. जुनी पद्धत साधी होती: प्रत्येक रेसचे पॉइंट्स, वर्षअखेर बेरीज, ज्याची जास्त तो चॅम्पियन. निकाल आधीच लागल्यावर शेवटच्या रेसला कोण येणार? बोरकरांचे बॅनर रिकाम्या बाकांकडे बघत फडफडत राहिले. म्हणून त्यांना प्लेऑफ हवा होता, सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या मोठ्या सिरीजसारखा. उन्हाळाभराच्या पॉइंट्सवरून पहिले चार निवडायचे, त्यांना सारखे पॉइंट्स द्यायचे, आणि शेवटच्या रेसमध्ये त्या चौघांत जो पुढे तो चॅम्पियन. तिकडेही यावरून लोक एकमेकांची डोकी फोडत होते.

"मर्सीताई, याले सांगा," बोरकर मला मराठीत म्हणाले, "आमच्याकडे पोरगं वर्षभर वर्गात पहिलं आलं तरी दहावीचा बोर्डाचा पेपर एकच असते. त्या दिवशी लिहिलं ते खरं."

मी सांगितलं. ग्लेनने विचार केला. "आणि त्या दिवशी पोरगं आजारी पडलं तर?"

बोरकर फ्राइजवर केचप ओतत बसले.

शेवटी रेस डायरेक्टर बार्बने वाद मिटवला. रेस कधी सुरू करायची, कधी थांबवायची, हे सगळं तिच्या हातात. ती म्हणाली, "स्पॉन्सर नाही तर सिरीज नाही. प्लेऑफ होणार." ग्लेन उठला. दारातून म्हणाला, "माझा अख्खा उन्हाळा एखाद्या फालतू गोष्टीपायी जाणार आहे, बघून ठेवा."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा उगीच कटकट करतोय.

फायनलचा दिवस उजाडला. स्टँड्स खच्चून भरले होते. पश्चिमेकडे एक काळा ढग होता आणि बार्ब दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे शत्रूसारखी बघत होती. चौघांत ग्लेन होता, दोन तरणे ड्रायव्हर होते आणि चौथा मार्क. मार्क एरवी शाळेची बस चालवायचा आणि रेसमध्येही तशीच चालवायचा. उन्हाळाभरात एकही रेस जिंकला नव्हता, पण कुठे आपटलाही नव्हता. कायम पाचवा-सहावा येऊन त्याने पॉइंट्स साठवले होते.

रेसच्या थोडं आधी बोरकरांनी गाडीची डिकी उघडली. आत पिशवी. पिशवीत अगरबत्ती, कुंकवाची डबी आणि ब्रॅम्प्टनच्या देशी ग्रोसरीतून आणलेला शेंडीवाला नारळ.

"बोरकरसाहेब, हे पार्किंगमध्ये करूया," मी म्हणाले.

"पार्किंगमध्ये काहून? रेस काय पार्किंगमध्ये होऊन राहिली का?"

माझं माहेर वसईचं. आम्ही चर्चला जाणारी माणसं असलो तरी नवीन गाडी आली की नारळ कुठे फोडायचा यावर घरात चर्चा व्हायचीच. त्यामुळे मला त्यांचा मुद्दा पटला आणि त्यामुळेच मी हरले. बोरकर थेट स्टार्ट लाइनच्या काँक्रीटच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. ते बघून ड्रायव्हर्सनी टोप्या काढल्या. ड्रायव्हर्सचं बघून स्टँड्सनी काढल्या. हजारभर माणसं उघड्या डोक्याने एका नारळासमोर अदबीने उभी राहिली.

नारळ फुटेना. एकदा आपटला, दोनदा आपटला. भिंतीचा टवका उडाला. शेवटी ग्लेनच्या मेकॅनिकला दया आली आणि त्याने मोठा हातोडा आणून दिला. बोरकरांनी तो नागपुरी जोरात हाणला. पाणी उडालं, टाळ्या पडल्या, आणि हातात राहिलं अर्धंच भकल. त्याचे तुकडे करून प्रसाद वाटला गेला. ग्लेननेही एक तुकडा खाल्ला आणि "नॉट बॅड" म्हणाला.

मी भिंतीजवळ शोधत होते. मग वॉकीटॉकीवर बार्बला सांगितलं, "अर्धं सापडत नाहीये."

"अर्धं काय?"

"नारळ."

बार्बचा श्वास ऐकू आला. मग तिने सगळ्या चॅनेलवर जाहीर केलं, "लक्ष द्या. आपण अर्धं फळ शोधतोय. तपकिरी आहे. केसाळ आहे." दहा-बारा माणसांनी ट्रॅक पालथा घातला. मिळालं नाही. ढग जवळ येत होता. बार्बने रेस सुरू केली.

मी कंट्रोल रूममध्ये, म्हणजे स्टँडच्या माथ्यावरच्या लाकडी खोलीत, बार्बच्या शेजारी उभी होते. ग्लेनने सुरुवातीपासूनच सगळ्यांना मागे टाकलं. अर्ध्याहून जास्त रेस झाली तेव्हा दुसरी गाडी त्याच्या दृष्टीलाही पडत नव्हती. मी देवाचे आभार मानायला लागले. तेवढ्यात चौघांपैकी एक तरणा घसरून आतल्या गवतात गेला, गर्रकन फिरला आणि गवत उडवत पुन्हा ट्रॅकवर आला. गवताबरोबर आणखीही काही आलं.

"चौथ्या वळणावर काहीतरी पडलंय," कोपऱ्यावरचा माणूस रेडिओवर म्हणाला. "प्राणी असावा. नाही. आतून पांढरा आहे."

बार्बने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "पिवळा झेंडा," ती म्हणाली.

पिवळा झेंडा म्हणजे ट्रॅकवर धोका. सगळ्यांनी वेग कमी करून एका रांगेत यायचं. ग्लेनची मेहनतीने कमावलेली आघाडी त्या क्षणी संपली, कारण मागचे सगळे त्याच्या बंपरला येऊन चिकटले. त्याचे टायर झिजले होते. असा सगळा घोळका मागे असताना शहाणा ड्रायव्हर करतो तेच त्याने केलं, टायर बदलायला ट्रॅकच्या कडेच्या पिटमध्ये शिरला. गवतातून आलेला तरणा आणि दुसरा तरणा, दोघेही त्याच्यामागे शिरले. मार्क आला नाही, त्यामुळे तो त्या तिघांच्याही पुढे गेला. स्टॉप नसताना बस कशाला थांबवायची?

ग्लेनच्या गाडीला चार नवेकोरे टायर लागले आणि पाऊस आला.

साधा नाही, बादल्यांनी ओतल्यासारखा. रेस थांबली. अर्ध्याहून जास्त झाली होती, त्यामुळे नियमाने निकाल होता त्या जागांवर लागला. चौघांत सगळ्यांत पुढे मार्क. चॅम्पियन मार्क. त्याला ते रेडिओवर तीनदा सांगावं लागलं. बक्षीस समारंभात बोरकरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि पिशवीतून दुसरा नारळ काढला. तो बार्बने मधल्यामध्ये झडप घालून काढून घेतला.

संध्याकाळी आम्ही परत त्याच कँटीनमध्ये. पत्र्यावर पाऊस वाजत होता. ग्लेन आला, ओलाचिंब, आणि त्याने टेबलावर बोरकरांसमोर ते अर्धं भकल ठेवलं. त्यावर टायरचा काळा पट्टा उमटला होता. केव्हिन फोनवर फोन करत होता, मी उचलत नव्हते. स्पॉन्सर गेला, डेस्क गेलं, मी गेले, असं मी मनात म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःपेक्षा ग्लेनचं जास्त वाईट वाटत होतं.

बोरकरांनी भकल उचलून त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग इंग्रजीत म्हणाले, "तू विचारलं होतंस ना, त्या दिवशी पोरगं आजारी पडलं तर? मी पडलो होतो. वर्षभर वर्गात पहिला. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला जुलाब झाले. निम्मा वेळ वॉशरूममध्ये. नापास."

ग्लेन खुर्ची ओढून बसला. "मग काय केलंस?"

"ऑक्टोबरला परत बसलो. सगळे हसत होते. तरी बसलो."

"पास झालास?"

"एकदम फर्स्ट क्लास."

ग्लेनने टोपी काढून पिळली. "मग मीही परत बसतो. पुढच्या वर्षी. याच पद्धतीने. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा नियम बदलून जिंकला."

बोरकर माझ्याकडे वळले. "मर्सीताई, काँट्रॅक्ट काढा. याले परत बसायचंय म्हणते. परीक्षा तर ठेवावीच लागन."

मी टिश्यूने टेबल पुसून काँट्रॅक्ट ठेवलं. त्यांनी सही केली. मग मी केव्हिनचा फोन उचलला.

प्लेऑफवरची भांडणं त्यानंतर बंदच झाली. ज्याला ज्याला तक्रार करायची होती तो नारळाबद्दल करायला लागला. बार्बने नियमावलीत एक कलम वाढवलं: ट्रॅकच्या आवारात फळं आणायला बंदी. केळ्यालाही. पुढच्या सप्टेंबरात ग्लेन जिंकला, आणि शाल घेताना त्याने बोरकरांचे दोन्ही हात नीट तपासून घेतले.

या धंद्यात मी अजून आहे. कार्यक्रम कुठलाही असो, आधी क्लायंटच्या गाडीची डिकी बघते.