खंडेनवमीनंतरची करवत

आमच्या दाराबाहेर एक पायरी आहे. एकच, आणि तीही जेमतेम सहा इंचांची. येरवड्याच्या बाजूला हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पायरी ही काय पाहायची गोष्ट आहे का? पण ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि मग मला दिवसभर ती पायरीच दिसायला लागली.

पायरीपलीकडे सोसायटीचं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि त्याखाली सिमेंटचा बाक. संध्याकाळी सोसायटीतले सगळे निवृत्त पुरुष तिथं जमतात आणि ज्यात आपल्याला काही कळत नाही अशा विषयांवर ठाम बोलतात. आमचे हे त्यातले अगदी नेमाचे. ऑपरेशननंतर सुरुवातीला दोघंजण येऊन ह्यांना धरून खाली उतरवायचे. चार-पाच वेळा झालं असेल. मग एकदा हे म्हणाले, मी काय गॅसचा सिलिंडर आहे का, कोणीही येऊन उचलायला? त्यानंतर जाणं बंद. डॉक्टर म्हणत होते चाला, बाहेर पडा. हे फ्रिजपासून दारापर्यंत चालत आणि दारातून परत फिरत. आणि संध्याकाळ झाली, बाकावर हसण्याचा आवाज यायला लागला, की उठून खिडकी लावून घेत. मला त्या खिडकीची फार काळजी वाटायला लागली होती. माणूस असा आतल्या आत बसायला लागला की हाड जुळून काय उपयोग?

उतार करावा, असं मनात आलं. सिमेंटचा करायचा तर सोसायटीची मीटिंग, मीटिंगमध्ये ठराव, आणि ठरावात कोणाची तरी स्कूटर आडवी. लाकडाचा, उचलून ठेवता येणारा केला तर कोणाला विचारायला नको. ओळखीच्या सुतारानं येऊन पाहिलं आणि एवढं बारकं काम दिवाळीनंतर बघू म्हणाला. दिवाळीला अजून बराच अवकाश होता.

आता करवतीची गोष्ट. लॉकडाऊनमध्ये आमच्या मुलाला सुतारकामाचं वेड लागलं होतं. तेव्हा त्यानं विजेवर चालणारी, हातात धरायची गोल करवत मागवली. सुतार तिला कटर म्हणतात; मी आपली करवतच म्हणते. तिच्यावर त्यानं चपलांचं एक स्टँड केलं, ते अजून डावीकडे झुकून उभं आहे. मग नोकरीनिमित्त तो बंगळूरला गेला आणि करवत माळ्यावर गेली. ती मी काढली. मुलाला फोनवर सांगितलं नाही. नाही म्हणायला मुलं हल्ली फार तयार असतात.

ह्यांनी खोका बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बोटं दहा आहेत तुझी. स्वयंपाकाला सगळी लागतात."

हे खडकीच्या फॅक्टरीत मशीन शॉपला होते. आयुष्य फिरत्या यंत्रांजवळ गेलं आणि बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत, याचा ह्यांना कोणत्याही बढतीपेक्षा जास्त अभिमान. मी म्हटलं, मग तुम्ही खुर्चीत बसा आणि शिकवा. मी हात चालवते. दोन दिवस नकार देऊन झाला. तिसऱ्या दिवशी बघते तर करवतीची माहितीपुस्तिका ह्यांच्या उशाशी, आणि चष्माही तिथंच.

तर शिकायला लागले. मी शाळेत सातवीपर्यंत, पण एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. पहिलाच प्रश्न मला पडला तो पात्याच्या फिरण्याचा. मी जन्मभर विळीवर बसलेय. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी चालते. इथं उलट, लाकूड जागेवर आणि पातं चालतं. शिवाय ह्या पात्याचे दात खालून वर येतात. त्यामुळे लाकडाचा ढलपा निघतो तो वरच्या बाजूला. म्हणून चांगली बाजू नेहमी खाली ठेवायची. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारणीला सांगायला गेले. ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

विळी काम झाल्यावर आडवी पाडून ठेवतो ना, तशी ह्या करवतीलाही सोय आहे. पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एक झाकण असतं, हे त्याला गार्ड म्हणतात. करवत लाकडात शिरली की ते आपोआप मागे सरकतं, लाकडातून बाहेर आली की स्प्रिंगनं परत पात्यावर येतं. वेगळी खिट्टी ओढून हातानंही उघडता येतं. ह्यांचा नियम असा की वायर प्लगमधून काढलेली असताना, रोज कामाआधी, खिट्टी ओढायची आणि सोडायची. 'खट्' असा आवाज आला तर पुढचं बोलायचं.

कपड्यांवरून एक दिवस गेला. पदर नको, ओढणी नको, काही लोंबायला नको. शेवटी सलवारीवर ह्यांचा फॅक्टरीतला जुना शर्ट घातला, मंगळसूत्र आत घेतलं. बांगड्या उतरवताना मात्र माझा हात थांबला. ह्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "मी आहे जिवंत. लेखी देऊ का?"

उतरवल्या. हातमोजे घालते म्हटलं तर त्यालाही नाही. मोज्याचा धागा जरी पात्यात गेला तर हात ओढला जातो, उघडा हात परवडला. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं, कानात बोळे. आरशात बघितलं आणि मलाच हसू आलं.

पहिल्या दिवशी एक टाकाऊ फळी दोन स्टुलांवर ठेवली आणि मधोमध कापायला घेतली. मला वाटलं, पूल कसा दोन्हीकडून टेकलेला असतो, तशी पक्की. फळी अर्धी कापली गेली आणि दोन्ही तुकडे आतल्या बाजूला वाकले, पातं चिमटीत सापडलं आणि करवत जिवंत असल्यासारखी उसळून मागे आली. मी ह्यांच्या सांगण्यावरून तिच्या रेषेत नव्हते, जरा बाजूला उभी होते. माझ्या शर्टाला तिचा वारा लागला फक्त. खरं सांगते, भीतीच्या आधी डोक्यात आलं ते हे की असं झालंच का? मग दोघांनी बसून ते उलगडलं. कापलेल्या तुकड्याला बाहेर पडायला जागा हवी, किंवा मग दोन्ही तुकड्यांना खालून पूर्ण आधार हवा. तेव्हापासून आम्ही मागच्या गॅलरीतल्या जुन्या खाटेवर पट्ट्या आडव्या टाकल्या आणि सगळं लाकूड त्यांवर निजवूनच कापलं. पातंही लाकडाच्या जाडीपेक्षा जेमतेम दाताएवढं खाली उतरेल इतकंच सोडायचं. जास्त कशाला बाहेर काढायचं?

उताराचं गणितही गमतीचं. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे आमचा उतार सहा फुटांचा. सहा फूट लांब, सहा इंच रुंद फळी घ्यायची आणि ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापायची, की एका कापात दोन सारख्या पाचरी. अशा फळ्या कापून झाल्या. सुतारकी एवढीच असते तर ती आयुष्यात आधी का केली नाही, असं वाटायला लागलं. आता वरचं प्लायवूड कापलं की संपलं. आणि मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कोयता, ह्यांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं पाटावर मांडून पूजा असते. ह्या वर्षी त्यात करवत. पूजा नेहमी हेच करतात. फॅक्टरीत त्या दिवशी सगळं मशीन शॉप धुऊन काढायचे, प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. ते दिवस ह्यांच्या तोंडावर अजून दिसतात. खुर्चीत बसून ह्यांनी करवतीला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. वॉकर आल्यापासून इतक्या उत्साहानं काही करताना मी ह्यांना पाहिलं नव्हतं. दसऱ्याला बाकावरची मंडळी दारात येऊन सोनं देऊन गेली. हे दारातच उभे राहिले, पायरीच्या अलीकडे.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी हार उतरवला, करवत खाटेवर ठेवली, प्लग बाहेर आहे ना ते बघितलं आणि सवयीनं खिट्टी ओढून सोडली. आवाज आला नाही. गार्ड उघडा तो उघडाच. पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. पातं सगळे दात दाखवत बसलं होतं. मला काही केल्या कळेना. परवापर्यंत ठीक असलेली स्प्रिंग एका सणात कशी बिघडते? चष्मा लावून खाली वाकले. तेव्हा दिसलं. पूजेचा लाल दोरा गार्ड आणि मुठीच्या मधून दोन वेढे देऊन बांधलेला, हाराखाली लपलेला. पात्याला कुंकू नीट लागावं म्हणून गार्ड मागे ओढून बांधून ठेवला होता. दोरा कापला तरी गार्ड हलेना. गंधाचा ओघळ सांध्यात जाऊन वाळला होता.

मी हे सगळं मोठ्यानं सांगत होते, कोडं सुटल्याच्या आनंदात. मागे वळले तर ह्यांचा चेहरा उतरलेला.

मग सावकाश म्हणाले, "गार्ड मी बांधला. मी." आणि वॉकर ओढत आत निघून गेले. तो उतार बितार राहू दे, करवत माळ्यावर टाक, असं आतूनच सांगितलं. संध्याकाळी खिडकी लागली ती पडद्यासकट.

आता पंचाईत अशी की ह्यांच्याशिवाय मी कापणार नव्हते. करवत चालू असताना समोर एक माणूस प्लगपाशी पाहिजे, हा ह्यांचाच नियम, आणि तो मला पटलेला. समजूत घालण्यात अर्थ नव्हता. समजूत घातली की हे आणखी गप्प होतात. पण मला एक प्रश्न खरंच पडला होता आणि तो मी जेवताना विचारला. म्हटलं, फॅक्टरीत एवढ्या मशीनना हार घालायचे, दोरे बांधायचे, गंध लावायचे. मग कधी कोणाचं काही अडकलं कसं नाही?

हे आमटी ओरपत होते, ते थांबले. अडकेल कसं, म्हणाले. दसऱ्यानंतर पहिल्या पाळीला काम सुरूच होत नसे. हार, दोरे सगळे उतरवायचे, गंध पुसून काढायचं, आणि वीज सोडण्याआधी प्रत्येक मशीन हातानं एकदा फिरवून बघायचं. फोरमन स्वतः प्रत्येक मशीनपाशी उभा राहायचा. त्याशिवाय मेन स्विच नाही.

मी विचारलं, हे इतक्या वर्षांत घरी कधी सांगितलं का नाही तुम्ही?

म्हणाले, ती काय पूजा होती का? ते काम होतं.

म्हणजे बघा, पूजा घरी आली आणि पूजा उतरवणं तिकडेच राहिलं. विळीला काय, गंध पुसलं नाही तरी भाजी कापते. म्हणून इतकी वर्षं कोणाला उणीव कळली नाही. मी म्हटलं, मग आपली पहिली पाळी अजून व्हायचीय. फोरमन कुठं गेलेत?

हे परत आमटी ओरपायला लागले. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर जुना दातांचा ब्रश आणि कोरडं फडकं घेऊन हे गॅलरीत माझ्या आधी हजर. प्लग स्वतःच्या खिशात घालून बसले, म्हणजे वायरसकट. दिसायला विचित्र होतं पण मी काही बोलले नाही. सांधा त्यांनीच घासला. मी तेलाचा थेंब सोडू का विचारलं तर नको म्हणाले. तेलाला भुसा चिकटतो आणि पुन्हा तेच होतं. गार्ड हातानं मागे-पुढे केला, दहा वेळा तरी. मग मला खिट्टी ओढून सोडायला लावली, स्वतः डोळे मिटून ऐकलं. पुन्हा एकदा, म्हणाले. मग खिशातला प्लग काढून भिंतीत लावला.

प्लायवूड चांगली बाजू खाली करून निजवलं, कडेला सरळ पट्टी शिकंज्यांनी आवळली, करवतीचा तळ तिला टेकवून दोन्ही हातांनी धरली. पातं पूर्ण वेगात येऊ दिलं, मगच लाकडाला लावलं. ढकलायचं नाही, ती जाते तेवढंच जाऊ द्यायचं. शेवटी बटण सोडलं आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. कड इतकी सरळ आली की ह्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि फक्त 'हं' म्हणाले. पुण्यात याहून जास्त कौतुक नसतं.

पाचरींवर प्लायवूड ठोकलं, पाय घसरू नये म्हणून खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि उतार दाराला लावला. आधी मी त्यावर नाचून बघितलं. मग ह्यांनी वॉकर पुढे टाकला. मी दंडाला धरायला गेले तर नको म्हणाले. वॉकर, पाय, पाय. वॉकर, पाय, पाय. मी दारात उभी. खाली पोचल्यावर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, सरळ बाकाकडे. तिथं एकदम गलका झाला, कोणीतरी सरकून जागा दिली.

काय बोलत होते ते ऐकू येईना. हे हातानं हवेत तिरकी रेघ काढून दाखवत होते, म्हणजे पाचरीचं गणित चाललं होतं. फळी कोणी कापली हे सांगितलं की नाही, ते मला अजून माहीत नाही. चहा टाकला आणि सवयीनं ह्यांचा कप खुर्चीजवळच्या तिवईवर ठेवला. मग दारातून हाक मारली, चहा झालाय.

"इकडंच आण," हे बाकावरून म्हणाले. "आणि साखर घाल. मधुमेह घरात आहे, इथं नाही."

साखर घातली नाही. पण माझाही कप घेतला आणि उतारावरून खाली गेले.