पालमच्या माळावर लांडगे पाहायला

लांडगे पाहायला परभणी जिल्ह्यात चाललोय असं सांगितल्यावर मित्रांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. वाघाचं तिकीट असतं, जिप्सी असते, टी-शर्टवर छापण्याजोगा चेहरा असतो. माळावरचा लांडगाही तितकाच दुर्मिळ होत चाललाय, पण त्याच्या नावाने अजून कुणी रिसॉर्ट काढलेलं नाही. म्हणजे तो महत्त्वाचा नसणार.

रेल्वेने परभणी, पुढे एसटीने गंगाखेडमार्गे पालम. जानेवारीअखेर जा, हुरडा मिळतो आणि ऊन सोसतं. गंगाखेडच्या स्टँडवर भजी खुशाल खा, पुढचा रस्ता ती पचवून देतो. पालममध्ये लॉजची सोय बेताची आहे. मी शेजाऱ्यांच्या मामांकडे, महालिंगअप्पांकडे उतरलो. अप्पांचं बाजारात खत-बियाण्यांचं दुकान, आणि गायरानाला लागून हरभऱ्याचं शेत.

सकाळी बांधावर बसलो. समोरच्या उतारावर एका मोठ्या धोंड्याखाली बीळ होतं. बराच वेळ नुसतं गवत हललं. मग गवताच्याच रंगाची लांडगी उठून उभी राहिली आणि तिच्या मागून पिल्लं एकमेकांचे कान ओढत बाहेर आली. मी कॅमेरा विसरलो.

"मागं रानडुकरांनी हरभरा म्हणून ठेवला न्हाई," अप्पा कुजबुजले. "ही आल्यापास्नं डुकरं फिरकंनात. पगार न्हाई, भत्ता न्हाई. असला राखण्या कुठं गावतो?"

"आणि शेळ्या?"

"नेतेत एखादं करडू. नेऊ द्या की."

"शेळ्या तुमच्या आहेत?"

"न्हाई."

परतताना गायरानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. फलकही लागला होता: वन्यजीव संवर्धन हरितपट्टा. त्यावर एक वाघ होता आणि, का कोण जाणे, एक जिराफ. मोटारसायकलवर बसलेल्या मुकादमाने सांगितलं, उद्या जेसीबी येणार, झाडांसाठी खड्डे घेणार. पावसाळा लांब होता, पण निधी मार्चच्या आत संपवायचा होता. निसर्ग ऋतूंवर चालतो, संवर्धन मार्चवर.

"इथं लांडग्याचं बीळ आहे," मी म्हणालो.

"लांडगं जंगलात राहतेत, साहेब. त्यांच्यासाठीच तर जंगल करायलोय आमी."

गवताळ माळ हेच त्यांचं घर आहे, झाडं लावली की ते मोडतं, आणि कायद्याने लांडग्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, असं मी समजावलं. त्याने आदराने ऐकून वर फोन लावला. वरून उत्तर आलं की कागदावर ही जमीन पडीक आहे. पडीक जमिनीवर काही राहत नसतं.

घरी येताना अप्पा बाजारात थोडे थांबले. जेवण झाल्यावर त्यांनी काकूंकडे वाटीभर तेल मागितलं आणि खिशातून शेंदराची पुडी काढली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "गळ्यात लिंग अन् हातात शेंदूर! लिंगाबिगर कुणाला हात जोडायचा न्हाई म्हणून सासरी मला शिकवलंत ना तुमीच?"

"मी कुठं जोडायलोय? मी निस्तं रंगवायलोय."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. बिळावरचा धोंडा लालभडक झाला होता. ड्रायव्हर खाली उतरला, चप्पल काढली, हात जोडले आणि मशीन मागे घेतलं.

"आरं, काल तर हितं काईच नव्हतं!" मुकादम ओरडला.

"काल दिसलं न्हाई म्हणजे नव्हतं का? तुमीच चालवा मशीन. मला लेकरंबाळं हायत."

मुकादमालाही लेकरंबाळं होती. फक्कीच्या रेघा दुसऱ्या गावाच्या माळावर गेल्या. जे कायद्याला जमलं नाही ते शेंदराने केलं, या आनंदात मी परतीची एसटी पकडली.

घरी येऊन पाहिलं तर माझ्याकडे एकच फोटो निघाला, गवताचा. त्यात लांडगी आहे हे मला बोट ठेवून दाखवावं लागतं.

महिन्याभराने अप्पांचा फोन आला. "पाव्हणं, देव नवसाला पावायलाय म्हणं. सोमवारी लय गर्दी. भोंगा लावलाय, नारळाचं दुकान बसलंय. समितीचा अध्यक्षबी मलाच केलंय. आरती म्हणायला लागायली."

"काकू काय म्हणतात?"

"बोलंनात."

"आणि लांडगी?"

"पहिल्याच आरतीला गेली. एकेक पिल्लू तोंडात धरून."

"मग डुकरं?"

"आली की. आधी परसादाचं खोबरं खाल्लं, मग हरभरा."

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा. माळावर खड्डा एकही नाही, गवत अजून उभं आहे, आणि सोमवार सोडला तर दर्शनाला रांगही लहानच असते. लांडगी दिसेल असं मात्र सांगवत नाही.

फोन ठेवण्यापूर्वी अप्पांनी हळूच विचारलं होतं, ती परत येईल का? मी म्हणालो, गवत राखलं आणि माणसांचा गोंगाट थांबला तर येईलही.

"गवत राखतो मी," अप्पा म्हणाले. "पर देव बंद कसा करायचा?"