सर खोलीत असले की

भुतंखेतं, अंगात येणं, करणी... अळणावरकडच्या आमच्या खेड्यात हे सगळं बघतच वाढलो, म्हणूनच माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, तेही फिजिक्स घेऊन. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा... मला स्वतःलाच त्याचा अजून वैताग येतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमचे सर धारवाडला मळमड्डीत राहायचे. कॉलेजात असताना मी त्यांच्याच घरी जेवायचो. काकू स्वतः वाढायच्या. काकू गेल्यावर सर एकटे पडले. अमेरिकेतल्या मुलानं त्यांना तिथला एक जुना रेकॉर्ड प्लेअर पाठवला. सरांना एकच रेकॉर्ड ऐकायची होती – धारवाडच्याच एका गायिकेची. तानपुऱ्यावर काकू होत्या, आणि दोन ओळींत मागून त्यांनी आवाजही दिला होता. त्यांचा आवाज दुसरा कुठेच उरला नव्हता. जोडणीचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं.

काम मी नीट केलं. यंत्र एकशेदहा व्होल्टचं, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. जुन्या घराला अर्थिंग नव्हतं, प्लेअरच्या सुईच्या दांडीला हात लावला की झिणझिण्या यायच्या – म्हणून परसात खड्डा काढून, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. पाणसळ लावून टेबल सपाट केलं. आणि सर बाजारात गेलेत असं बघून रेकॉर्ड लावली.

काकू पुरुषासारख्या गायल्या.

कारण लगेच कळलं, आणि स्वतःचाच राग आला. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. तिकडची वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची. मोटर हळू फिरणारच. त्यासाठी मोटरवरची छोटी पुली बदलावी लागते, आणि ती मिळणार अमेरिकेत. तोवर हा आवाज सरांच्या कानावर पडू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं...

तेवढ्यात सर पिशवी घेऊन दारात. मी उठेपर्यंत ते खुर्चीत बसलेसुद्धा – आणि गाणं सरळ झालं. सरांच्या हार्मोनियमशी ताडून बघितलं, स्वर अगदी काळी पाचवर, गायिकेच्या नेहमीच्या पट्टीत. फिरत्या तबकडीच्या कडेला खडूची खूण करून घड्याळावर फेरे मोजले. बरोबर. सर चहा ठेवायला आत गेले, पुन्हा मंद. परत आले, पुन्हा बरोबर. शेवटी न राहवून मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे मी असलो की शहाण्यासारखं वागतंय," सर म्हणाले. "वर्गात तुम्हीही तसेच होतात की."

काय केलं नाही मी? मीटर लावला, ट्रान्सफॉर्मर बदलला, सरांच्या जागी वायरमनला बसवून बघितलं – काही नाही, मंद ते मंदच. सर म्हणायचे, "इरली बिडो परशा, राहू दे. वाजतंय ना?" पण मला राहवेना. मी सरांच्या मुलाकडून पुली मागवली.

पुली आली, बसवली. एकट्यानं वाजवून बघितलं, अगदी हवं तसं. मोठ्या अभिमानानं सरांना हाक मारली. ते येऊन बसले... आणि गाणं पळायला लागलं.

सरांनी काकूंच्या दोन ओळी ऐकल्या. "आज ही एवढी घाईत का रे? चुलीवर दूध ठेवून आलीय काय?" हसून म्हणाले, आणि सुई उचलून ठेवली. "ती आधीचीच बसव बाबा."

बसवली. शेवटपर्यंत त्यांनी त्याच पुलीवर काकूंना ऐकलं.

सर गेल्यावर मुलानं प्लेअर आणि रेकॉर्ड मलाच दिली. आता प्लेअर नवनगरला आमच्या हॉलमध्ये आहे, जुनीच पुली, आणि काकू पुरुषासारख्याच गातात. कारण मला आजही सापडलेलं नाही. एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं, तर ते माझ्याकडंच संशयानं बघायला लागले.

बायको म्हणते, "ती नवी पुली ड्रॉवरमध्ये पूजेला ठेवलीय काय? बसवा की."

स्क्रू ढिला करायचा, बदलायची, झालं. पण बसवली, आणि एखाद्या दुपारी काकू घाईत गायला लागल्या... तर मी सरांना काय सांगू?